विश्लेषण : जहाजावर ग्लुटेनमुक्त ताट मागता येते, मग दौंडच्या गाडीत का नाही?

मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या जहाजावर जागा आरक्षित करताना ‘मला ग्लुटेनमुक्त जेवण लागेल’ असे आधी कळवता येते. विमान कंपन्यांकडे त्यासाठी ठरलेला संकेत आहे. दौंड जंक्शनवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र जेवणाच्या नेहमीच्या पर्यायांमध्ये असा रकाना दिसत नाही. विशेष म्हणजे शिरूर आणि दौंड हे तालुके मुळात बाजरी-ज्वारीचे. ही दोन्ही धान्ये निसर्गतःच ग्लुटेनविरहित आहेत. म्हणजे जहाजाला जे धान्य मुद्दाम मिळवावे लागते, ते इथे शेतात पिकते. तरीही ज्यांना गहू वर्ज्य आहे, त्यांना घराबाहेर पडताना डबा सोबत घ्यावा लागतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

ग्लुटेन म्हणजे नेमके काय?

पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते. हा फरक ज्या घटकामुळे पडतो, तो म्हणजे ग्लुटेन. गहू, बार्ली (जव) आणि राय या धान्यांतील प्रथिनांचा हा समूह आहे. पाणी घालून मळल्यावर त्याची लवचिक जाळी तयार होते, म्हणून कणीक ताणली जाते आणि पाव फुगतो. बाजरी, ज्वारी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा यांत ते नसते. त्यामुळेच बाजरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि लाटायला गेले की त्याला चिरा पडतात.

मैदा, रवा, दलिया, शेवया आणि पाव ही सगळी गव्हाचीच रूपे. खपली गहू ‘ग्लुटेनमुक्त’ असल्याचा समज सध्या बराच पसरला आहे, पण तो चुकीचा आहे. खपली ही गव्हाचीच जुनी जात असून तिच्यातही ग्लुटेन असते.

ते कोणी टाळायला हवे?

सिलिअॅक हा आजार असलेल्यांनी ते आयुष्यभर टाळावे लागते. या आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नातील पोषक घटक शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे त्यामुळे झिजतात. जुलाब, पोट फुगणे, वजन न वाढणे, मुलांची उंची खुंटणे, औषध घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे अशी त्याची लक्षणे असतात. काहींना पोटाचा त्रास फारसा होतच नाही, त्यामुळे निदानाला अनेक वर्षे लागतात.

गव्हाशी या आजाराचा संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, तिथे पावाची तीव्र टंचाई झाली. त्या काळात या आजाराच्या मुलांची प्रकृती सुधारली आणि पाव परत मिळू लागल्यावर ती पुन्हा बिघडली. या निरीक्षणाने डिके यांच्या आधीच्या संशयाला बळ मिळाले. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आजही या आजारावर सर्वमान्य उपचार एकच आहे, तो म्हणजे ग्लुटेनमुक्त आहार.

‘थोडेसे चालते’ असे इथे म्हणता येत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्याचे अस्तर बिघडल्याचे आढळले. ५० मिलिग्रॅम म्हणजे किती, तर एका मध्यम आकाराच्या पोळीचा साधारण पन्नासावा भाग. पोळपाटावर सांडलेल्या पिठातूनही एवढे ग्लुटेन पोटात जाऊ शकते.

भारतात हे प्रमाण किती?

जगभरात सुमारे एक टक्का लोकांना हा आजार असल्याचे मानले जाते. भारतात प्रदेशानुसार मोठा फरक आहे. २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर भारतात हे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत केवळ ०.१० टक्के आढळले. आजाराला पूरक ठरणारी जनुके तिन्ही प्रदेशांत जवळपास सारख्या प्रमाणात होती. मोठा फरक होता तो रोजच्या जेवणातील गव्हात. उत्तरेत गहू भरपूर खाल्ला जातो, दक्षिणेत अगदी थोडा.

महाराष्ट्राने यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. जनुके बदलत नाहीत, ताट बदलते. जिथे भाकरीची जागा पोळी, पाव आणि बिस्किटे घेतात, तिथे आजवर लपून राहिलेला हा आजार पुढे येण्याची शक्यता वाढते.

शिरूर-दौंडचे ताट बदलले आहे का?

खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी हा या पट्ट्याचा जुना क्रम. भीमा आणि घोड नद्यांच्या, कालव्यांच्या पाण्यावर पुढे ऊस वाढला. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे आणि त्यात प्रामुख्याने गहू व तांदूळ असतो. फुकट मिळणारा गहू सोडून बाजरी विकत घेणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही. शिवाय भाकरी थापायला वेळ आणि हात दोन्ही लागतात, पोळी सकाळच्या डब्यात मऊ राहते. त्याच वेळी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ब्रिटानियासारख्या कंपनीचा मोठा प्रकल्प उभा आहे आणि बिस्किटाचा पुडा वाडीवस्तीवरच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे.

यात कोणाचा दोष नाही. ज्यांना त्रास होत नाही, त्यांच्यासाठी गहू हे उत्तम अन्न आहे. पण ज्या मुलाला तो सोसत नाही, त्याच्यासाठी शाळेचा डबा, लग्नाची पंगत आणि प्रवास हे तिन्ही अवघड होऊन बसतात.

जहाजावर ही व्यवस्था कशी चालते?

समुद्रपर्यटन आता मराठी मध्यमवर्गालाही नवे राहिलेले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीच्या सफरी मुंबईतून सुरू झाल्या आणि त्यांचे आरक्षण रेल्वेच्या ‘आयआरसीटीसी’ने उपलब्ध करून दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे.

आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्यांची ग्लुटेनमुक्त जेवणाची पद्धत साधारण सारखीच असते. प्रवाशाने आपली गरज निघण्यापूर्वी बरेच दिवस आधी, अनेकदा महिना-दीड महिना अगोदर, लेखी कळवायची. जहाजावर चढल्यावर मुख्य भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला भेटायचे. पुढे रोज रात्री दुसऱ्या दिवसाची पदार्थांची यादी हाती येते, त्यातून निवड करायची आणि स्वयंपाकघर त्यानुसार वेगळे ताट तयार करते.

बुफेपासून मात्र अनुभवी प्रवासी लांब राहतात. पदार्थ ग्लुटेनमुक्त असला तरी पावाच्या टोपलीतला चिमटा भाताच्या भांड्यात कधी जाईल, याचा नेम नसतो. तळलेल्या पदार्थांनाही तोच धोका, कारण कढईतले तेल एकच असते. शंभर टक्के हमी बहुतेक कंपन्या देत नाहीत, आणि तसे त्या स्पष्टपणे सांगतातही.

तरी जहाजाला हे जमते याची कारणे तीन. प्रवाशांची यादी आधीच हातात असते, स्वयंपाकघर एकाच कंपनीच्या ताब्यात असते आणि विचारल्यावर उत्तर देणारा एक ठरलेला माणूस असतो. त्यात युरोपीय संघात २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेलात वाढल्या जाणाऱ्या खुल्या पदार्थांबाबतही १४ प्रकारच्या अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे सक्तीचे झाले. ग्लुटेन असलेली धान्ये त्या यादीत आहेत.

मग रेल्वेत अडचण कुठे आहे?

विमानात विशेष जेवणासाठी जगभर चार अक्षरी संकेत वापरले जातात. ग्लुटेनमुक्त ताटासाठी ‘जीएफएमएल’ हा संकेत आहे. विमान कंपनी ही सोय देत असेल, तर उड्डाणाच्या साधारण एक-दोन दिवस आधी तो तिकिटाला जोडावा लागतो. स्वयंपाकघरापासून हवाई कर्मचाऱ्यापर्यंत सर्वांना त्याचा अर्थ कळतो.

रेल्वेचे चित्र वेगळे आहे. १८७८ मध्ये मनमाडचा मार्ग सुरू झाल्यापासून दौंड हे उत्तर आणि दक्षिणेला जोडणारे महत्त्वाचे जंक्शन आहे. झेलम, गोवा आणि कर्नाटक एक्स्प्रेससारख्या गाड्या या परिसरातून जातात. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही याच मार्गाने धावते. झेलमसारख्या गाडीत प्रवासी एक दिवसाहून अधिक काळ असतो, म्हणजे जहाजावरच्या छोट्या सफरीइतकाच. गाडीतही प्रवाशांची यादी आधी तयार असते आणि खानपानाची जबाबदारी प्रामुख्याने आयआरसीटीसीकडे असते.

तरी जेवणाची निवड प्रामुख्याने शाकाहारी, मांसाहारी आणि काही गाड्यांत मधुमेहींसाठीचे जेवण अशीच असते. नेहमीच्या शाकाहारी ताटात भात, डाळ, भाजी आणि दही असते, पण त्यालाच लागून पराठे किंवा पोळ्याही असतात. पोळी बाजूला काढून उरलेले जेवावे, तर डाळीच्या फोडणीतल्या हिंगाचे काय? बाजारात डबीत मिळणारा हिंग सहसा शुद्ध नसतो. त्याची तीव्रता कमी करण्यासाठी डिंकासोबत गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. यातले कोणते पीठ आहे, हे गाडीत वाढणाऱ्या कर्मचाऱ्याला ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वे मंत्रालयाने आयआरसीटीसीला पदार्थांची यादी ठरवण्याचे स्वातंत्र्य दिले. प्रादेशिक पदार्थ, मधुमेहींचे जेवण, लहान मुलांचे अन्न आणि भरडधान्यांचे पदार्थ त्यात देता येतील, असे सांगण्यात आले. पाठोपाठ २०२३ हे भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरले. त्यामुळे भाकरी गाडीत येण्याची वाट मोकळी झाली आहे. पण भरडधान्याचा पदार्थ आणि ग्लुटेनमुक्त पदार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाकरीवर तरी डोळे झाकून भरवसा ठेवता येतो का?

नाही. या प्रश्नाची खरी मेख इथेच आहे. बाजरीत ग्लुटेन नसते, पण बाजरीच्या पिठात ते असू शकते.

गावातल्या गिरणीत आधी गव्हाचे दळण झाले आणि त्यामागून ज्वारी टाकली, तर जात्याच्या दगडांत आणि पिठाच्या नळीत अडकलेला गहू ज्वारीच्या डब्यात उतरतो. बहुतेकांच्या दृष्टीने ही क्षुल्लक गोष्ट असते, सिलिअॅकच्या रुग्णासाठी मात्र तीच निर्णायक ठरते. हा धोका परदेशातही दिसला आहे. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्यांचे, बियांचे आणि पिठांचे २२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ७ नमुन्यांत ग्लुटेन २० पीपीएम किंवा त्याहून जास्त, म्हणजे ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येणार नाही इतके, आढळले.

हॉटेलात आणखी एक अडचण येते. भाकरी पटकन थापली जावी आणि मोडू नये, म्हणून काही ठिकाणी ज्वारीच्या पिठात थोडी कणीक मिसळतात. एकाच तव्यावर पोळी आणि भाकरी भाजली जाते. घरच्या काही जिनसाही फसव्या असतात. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुधा गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. चायनीज पदार्थांतल्या सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो.

शिरूरला रेल्वे नाही, तिथला प्रवासी एसटीवर अवलंबून. एसटीच्या अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आहे. त्या यादीतले शिरा, उपमा आणि वडापाव गव्हाचे, तर पोहे, इडली आणि मेदूवडा बिनगव्हाचे. निम्मी यादी अशी सहज सोयीची आहे. मात्र ज्या तेलात समोसा तळला त्याच तेलात मेदूवडा तळला, तर ती सोय संपते.

कायदा काय सांगतो?

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या नियमानुसार ज्या पदार्थात ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, त्यालाच ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकही हेच आहे. २० ते १०० मिलिग्रॅम असेल तर तो ‘कमी ग्लुटेन’चा पदार्थ ठरतो, आणि तो सिलिअॅकच्या रुग्णांसाठी नसतो.

२०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख सक्तीचा आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी अॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणेही अपेक्षित आहे. पुणे-अहिल्यानगर किंवा पुणे-सोलापूर महामार्गावरचा एकटा-दुकटा ढाबा मात्र या तरतुदीत येत नाही. तिथे ग्राहकाचा विश्वास आणि मालकाची माहिती एवढ्यावरच सारे चालते.

हे आपल्याकडे जमण्यासारखे आहे का?

जमण्यासारखे आहे, कारण वेगळे शिजवणे आपल्या स्वयंपाकघरांना नवे नाही. कांदा-लसूण आणि कंदमुळे वगळून केलेले जैन जेवण विमानात, जहाजावर आणि लग्नाच्या पंगतीत मिळते. त्यासाठी वेगळी भांडी ठेवली जातात. एकादशीला उपवासाचा पदार्थ करताना पळीसुद्धा वेगळी घेतात. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, शेंगदाणे ही उपवासाची यादी मुळातच बिनगव्हाची आहे. श्रद्धेसाठी जी शिस्त पाळली जाते, ती आजारासाठी पाळता येणार नाही असे म्हणण्याला आधार नाही.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, तिकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असा पर्याय आणि तो किमान एक दिवस आधी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था. दुसरी, गव्हाला न शिवणारे पीठ. शिरूर-दौंडमधला एखादा महिला बचत गट केवळ ज्वारी-बाजरीसाठी राखीव घरघंटी ठेवून, पिठाची प्रयोगशाळेत तपासणी करून ते पुरवू शकेल. तिसरी, बंद डब्यातले जेवण. भाकरी, पिठले, भात आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत चढण्यापूर्वीच मोहोरबंद झाली, तर डब्यातल्या इतर अन्नाशी तिचा संपर्क येत नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. दिवसाला दोन-चार ताटांसाठी वेगळी फळी उभारणे कोणत्याही कंत्राटदाराला महाग वाटेल. त्यामुळे सर्व गाड्यांवर एकदम सक्ती करण्यापेक्षा निवडक गाड्यांत, आगाऊ मागणीवर सुरुवात करणे व्यवहार्य ठरेल. ज्या तालुक्यांत बाजरी पिकते, तिथल्या जंक्शनवर हा प्रयोग सर्वांत स्वस्त पडावा.

तोवर प्रवाशाने काय करावे?

- डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गहू बंद करू नये. तपासणीआधीच गहू सोडला, तर रक्ततपासणीत आजार असूनही तो न दिसण्याची शक्यता असते.
- हॉटेलात ‘ग्लुटेन आहे का’ असे विचारून उपयोग होत नाही. ‘गहू, मैदा, रवा यातले काही घातले आहे का? भाकरीत कणीक मिसळता का? तवा आणि तेल वेगळे आहे का?’ असे थेट विचारावे.
- हिंगाची डबी मागून तिच्यावरची घटकांची यादी वाचावी, किंवा फोडणीत हिंग टाकू नये असे सांगावे.
- लांबच्या प्रवासात घरचे दडपे पोहे, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, शेंगदाणे, केळी असा कोरडा शिधा सोबत ठेवावा.
- क्रूझ किंवा विमानाचे तिकीट असेल, तर गरज लेखी कळवावी, उत्तर जपून ठेवावे आणि प्रवास सुरू होताच ती पुन्हा तोंडी सांगावी.

ग्लुटेनमुक्त जेवण म्हणजे शहरी श्रीमंतांचे फॅड, अशी टीका होते. आजार नसताना केवळ वजन कमी करण्यासाठी गहू सोडणाऱ्यांमुळे तो समज दृढ झाला आहे. त्याचा फटका मात्र ज्यांच्यासाठी हे औषध आहे त्यांना बसतो, कारण वेटरपासून नातेवाइकांपर्यंत कोणीच त्यांचे म्हणणे गांभीर्याने घेत नाही. जहाजाच्या भटारखान्यात बाजरीपेक्षा श्रेष्ठ असे कोणते धान्य नसते. तिथे असते ती आगाऊ सूचना, वेगळे भांडे आणि जबाबदार माणूस. दौंडच्या फलाटावर भाकरी पोहोचवणे सोपे आहे. ती निर्धोक असल्याची खात्री प्रवाशाला देणे, हे खरे काम आहे.